वंशावळ, रोग आणि गाळलेल्या लेकी

साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. मुलांचे प्रश्न संपले, चहा झाला, आणि सगळे पांगल्यावर एक शिक्षक मागे थांबले. वय सत्तेचाळीस. म्हणाले, "सर, एक घरगुती विचारू का? आमच्यात पुरुष माणूस पन्नाशीच्या आसपास आला की चालताना झुलायला लागतो. आजोबांचं झालं, वडिलांचं झालं. आता धाकटा भाऊ अडतिसाव्या वर्षीच भिंत धरून चालतो. गावात म्हणतात, पितो. तो थेंबाला शिवत नाही. आणि माझ्या मुलीला स्थळं येताहेत. सांगायचं का त्यांना?"

(या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून पुढील तपशिलात बदल केले आहेत.)

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मी त्यांच्याकडे एक कोरा कागद मागितला.

चौकोन आणि वर्तुळे

आनुवंशिक रोगाचा अभ्यास कुठलेही यंत्र न वापरता सुरू होतो. लागतात ते कागद, पेन्सिल आणि घरातली एखादी जुनी जाणती बाई. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढायचे. नवरा-बायकोंना आडव्या रेघेने जोडायचे आणि मुले त्या रेघेखाली जन्मक्रमाने मांडायची. ज्याला रोग झाला त्याचे चिन्ह भरून काळे करायचे, जो वारला त्याच्या चिन्हावर तिरपी रेघ मारायची. लग्न नात्यात झाले असेल तर जोडरेघ दुहेरी काढायची. प्रत्येक चिन्हाखाली तीन गोष्टी लिहायच्या: रोग कितव्या वर्षी दिसू लागला, मृत्यू कितव्या वर्षी झाला आणि कशाने झाला.

आपल्याकडे वंशावळ ही नवी गोष्ट नाही. सांगली-कोल्हापूरच्या बाजूला वंशपरंपरेने वंशावळी सांभाळणारे हेळवी गावोगाव फिरत आले आहेत. घरात ते आले म्हणजे पूर्वजांची नावे वाचून दाखवतात आणि नव्या मुलाचे नाव नोंदवून घेतात. अनेक घरांत जमिनीच्या वाटण्यांसाठी लिहिलेली वंशावळही असते. आमच्या शिक्षकांनीही दुसऱ्या दिवशी तीच आणून दाखवली. सहा पिढ्यांची नावे सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती.

परंतु ही वंशावळ वारसाहक्काची होती, रक्ताची नव्हती. या दोन्हींत मोठा फरक आहे. वारसाहक्काच्या वंशावळीत दत्तक मुलगा असतो, त्याच्यात मात्र घराण्याचे जनुक नसते. आणि लेकी नसतात. लग्न होऊन त्या गेल्या की त्यांची फांदी तिथेच तुटते. जनुकाला मात्र आडनाव कळत नाही. ते मुलाकडे जितके जाते तितकेच मुलीकडेही जाते.

कृष्णेपलीकडची आत्या

शिक्षकांच्या ऐंशी वर्षांच्या चुलत आजीला बसवून आम्ही कागद भरू लागलो. पणजोबा उतारवयात काठी टेकत चालायचे. "देवीचा कोप होता," आजी म्हणाली. त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली. थोरला मुलगा म्हणजे शिक्षकांचे आजोबा, पन्नाशीत झुलू लागले. धाकटा पंचविसाव्या वर्षी साप चावून गेला. धाकटी मुलगी ऐंशीपर्यंत ताठ चालली. आणि थोरली? "ती तासगावकडं दिली होती. तिलाही पुढं वात झाला. हात थरथरायचे, तोंडातला शब्द उमटायचा नाही. पण ते तिच्या सासरचं दुखणं."

इथे आम्ही थांबलो. तासगावला फोन केला. त्या आत्येआजीचा एक मुलगा ट्रक चालवायचा. बेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग सावरेना म्हणून त्याने नोकरी सोडली. त्या घरी सगळे समजत होते की, हे दुखणे फक्त आपल्याच घरात आहे. देवऋष्याकडे जाऊन झाले होते, करणीचा संशय घेऊन भावकीत अबोला धरून झाला होता.

सांगली हा स्वतंत्र जिल्हा १९४९ साली सातारा जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. आधी त्याचे नाव दक्षिण सातारा होते, १९६० साली ते सांगली झाले. सरकारी सीमारेषा आखली गेली तरी सोयरिकी तिच्या आधीपासून चालत होत्या आणि नंतरही चालल्या. त्या दिवशी कागदावर दोन जिल्ह्यांतली दोन दुखणी एकाच पणजोबांपाशी येऊन मिळाली. "पुरुष माणसांचा रोग" हे घरातले गृहीतकही तिथेच पडले. रोग पुरुषांनाच होतो असे वाटत होते, कारण वंशावळीत फक्त पुरुषच होते.

सापाने दंश केलेल्या धाकट्या मुलाचे काय? घरचे म्हणाले, तो धडधाकट होता. पण पंचविसाव्या वर्षी तर शिक्षकांचे आजोबाही धडधाकटच होते. म्हणून त्या चौकोनात "निरोगी" न लिहिता प्रश्नचिन्ह घातले. त्याला एक मुलगी होती. तिची मुले-नातवंडे आज मुंबईत आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरही ते प्रश्नचिन्ह आहे.

नकाशा वाचायचा कसा

काळी चिन्हे कागदावर कशी विखुरली आहेत यावरून जनुकाची चाल ओळखता येते.

रोग प्रत्येक पिढीत दिसतो, पुरुषांना व स्त्रियांना सारखाच होतो आणि रोग्याच्या साधारण निम्म्या मुलांत उतरतो, तेव्हा ते प्रभावी जनुक असते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली एक सदोष प्रत पुरेशी होते. रोग अचानक एकाच घरच्या भावंडांत दिसतो आणि आई-वडील मात्र निरोगी असतात, तेव्हा बहुधा ते अप्रभावी जनुक असते. तिथे सदोष प्रत दोघांकडूनही यावी लागते. रोग फक्त मुलग्यांना होतो आणि तो मामा-भाच्यांत दिसतो, तेव्हा 'एक्स' गुणसूत्राचा संशय घ्यायचा. ड्युशेन हा स्नायूंचा रोग असाच चालतो. आणि आईची मुले-मुली दोघेही आजारी पडतात, पण आजारी पुरुषाच्या मुलांना काहीच होत नाही, तेव्हा पेशींतल्या तंतुकणिकांच्या डीएनएकडे पाहायचे, कारण ते फक्त आईकडून मिळते.

आमच्या कागदावर वडिलांकडून मुलाकडे रोग गेला होता. वडील मुलाला 'एक्स' गुणसूत्र देत नाहीत, तंतुकणिकाही देत नाहीत. म्हणजे हे दोन्ही पर्याय बाद. एका पिढीमागून एक, स्त्री-पुरुष दोघांतही रोग दिसत होता. हे प्रभावी जनुक होते.

वाडियांची नऊ कुटुंबे

अशा तऱ्हेने कुटुंबे मांडूनच महाराष्ट्रात एका रोगाची जगाला ओळख झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया काम करत होते. तोल जाणारे, अडखळत बोलणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, झिजल्यामुळे असे होते हे माहीत होते. पण वाडियांच्या नजरेला आणखी एक गोष्ट आली. या रुग्णांचे डोळे सावकाश फिरत.

आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून घसरत जात नाही, ती झेपा घेत जाते. प्रत्येक झेप सेकंदाच्या काही शतांश भागात पुरी होते. या रुग्णांत ती झेपच उरत नाही. एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे पाहा म्हटले तर नजर रांगत जाते. काही जण डोळ्यांऐवजी मानच वळवून घेतात.

वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबे तपासून १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात हा आनुवंशिक रोगाचा नवा प्रकार असल्याचे मांडले. त्या वेळी जनुक शोधण्याची साधने नव्हती. हाताशी होती ती कुटुंबे आणि निरीक्षण. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन वेगवेगळ्या गटांनी बाराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक शोधले. त्याच्या दोषाने होणाऱ्या रोगाला एस.सी.ए.-२ म्हणतात. १९९८ साली वाडिया व सहकाऱ्यांनी या जनुकाचा दोष असलेल्या सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सावकाश फिरणारे डोळे ही या रोगाची किती महत्त्वाची खूण आहे ते दाखवले. वाडिया २०१६ साली वारले. आज जगभर अशा रुग्णाचे डोळे आवर्जून तपासले जातात.

अडखळलेली तीन अक्षरे

हा दोष कसला असतो? डीएनएची लिपी चार अक्षरांची. या जनुकात एका ठिकाणी सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. बहुसंख्य माणसांत ती २२ वेळा येतात. ३१ पर्यंत काही बिघडत नाही. साधारण ३३ च्या पुढे गेली की रोगाचा धोका सुरू होतो. प्रत्येक सी-ए-जी म्हणजे प्रथिनात एक ग्लुटामिन. ही माळ फार लांबली की प्रथिन नीट वागत नाही, त्याच्या गुठळ्या होतात आणि काही विशिष्ट चेतापेशी हळूहळू मरू लागतात.

पाढा म्हणताना मूल एखाद्या ओळीवर अडखळून तीच ओळ पुन्हा म्हणते, तसे डीएनएची नक्कल होताना या पुनरुक्त भागात घडू शकते. ३८ च्या जागी पुढच्या पिढीत ४२ होतात. माळ जितकी लांब तितका रोग लवकर. म्हणूनच आजोबांना पन्नाशीत, वडिलांना पंचेचाळिशीत आणि भावाला अडतिसाव्या वर्षी असे झाले असावे. मात्र इथे एक सावधगिरी हवी. घरात एकाला रोग झाला की पुढच्या पिढीकडे लक्ष जाते आणि लक्षणे लवकर ओळखली जातात. वय कमी झाल्याचा थोडा आभास त्यामुळेही होतो.

असे जनुक निसर्गाने गाळून का टाकले नाही, असे विद्यार्थी विचारतात. उत्तर वयात आहे. रोग दिसू लागतो तोवर लग्न होऊन मुले झालेली असतात. जनुक पुढे गेलेले असते.

नाण्याला आठवण नसते

आता शिक्षकांचा स्वतःचा धोका काढू. वडिलांना रोग होता, म्हणजे जन्माच्या वेळी धोका १/२. "भावाला झालाय, म्हणजे मी सुटलो असेन ना?" असे त्यांनी विचारले. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे नव्याने उडवले जाते. आधीच्या वेळी काय पडले हे त्याला आठवत नाही.

मात्र दुसरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. ते सत्तेचाळीस वर्षांचे आहेत आणि निरोगी आहेत. गणितापुरते धरू की, ज्यांना हे जनुक मिळाले अशा पाचांपैकी चौघांना या वयापर्यंत लक्षणे दिसलेली असतात. आता अशा १०० व्यक्ती घेऊ ज्यांच्या आई किंवा वडिलांना रोग होता. ५० जणांना जनुक मिळाले. त्यांतल्या ४० जणांना लक्षणे दिसली, १० जण अजून बरे आहेत. उरलेल्या ५० जणांना जनुक मिळालेच नाही. म्हणजे आज निरोगी असलेले ६०, आणि त्यांत जनुक बाळगणारे १०. शिक्षकांचा धोका १/२ वरून १/६ वर आला. त्यांच्या मुलीचा धोका त्याच्या निम्मा, १/१२. दर वर्षी ते निरोगी राहतील तसा हा आकडा आणखी उतरेल.

शिक्षक बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. वीस वर्षे ते "होणारच" असे धरून जगत होते.

मामाची मुलगी

आजीच्या मते सगळ्याचे मूळ "नात्यातली लग्ने" होते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नाची जुनी रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात या नातेव्यवस्थेची सविस्तर मांडणी केली आहे. पण प्रभावी जनुकाला नात्यातल्या लग्नाची गरज नसते. या घराचे दुखणे त्यामुळे आलेले नाही.

अप्रभावी रोगांचे गणित वेगळे. समजा, एखादे सदोष जनुक शंभरात एकाकडे आहे. दोन अनोळखी माणसांच्या लग्नात मुलाला रोग होण्याचा धोका १/१०० × १/१०० × १/४, म्हणजे चाळीस हजारांत एक. मामेबहिणीकडे आपल्याकडचेच एखादे जनुक असण्याची शक्यता १/८. म्हणून त्या लग्नात धोका १/१०० × १/८ × १/४, म्हणजे बत्तीसशेत एक. धोका बारा पटींहून अधिक वाढला हे खरे, पण बत्तीसशेंतली एकतीसशे नव्व्याण्णव मुले या रोगापुरती सुखरूप असतात हेही खरे. घरात तसा रोग आधी दिसलेला असेल तर मात्र हे आकडे झपाट्याने बदलतात, आणि नात्यात लग्न करण्यापूर्वी सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

अप्रभावी रोगांत एक विल्सनचा रोग आहे. त्यात यकृत व मेंदूत तांबे साचते. भारतातल्या अशा १६ कुटुंबांचा अभ्यास दस्तूर, मंघाणी आणि वाडिया यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला होता. शाळकरी वयातल्या मुलाचे अक्षर बिघडते, बोलणे अस्पष्ट होते, स्वभाव बदलतो, आणि शाळेत त्याला आळशी ठरवले जाते. या रोगावर औषध आहे. शरीरातले तांबे काढून टाकणारी किंवा ते शोषू न देणारी औषधे लक्षणे येण्यापूर्वी सुरू केली तर रोग रोखता येतो. रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला धोका असतो चारात एक. म्हणजे इथे कुटुंबाचा नकाशा काढला तर धाकटी बहीण वाचू शकते.

जाणून घ्यावे का?

एस.सी.ए.-२ वर मात्र आज तसे औषध नाही. व्यायाम आणि भाषोपचार यांनी दिवस सुकर होतात, रोग थांबत नाही. मग रक्त तपासून काय मिळवायचे?

या प्रश्नाशी एक शास्त्रज्ञ आयुष्यभर झगडली. नॅन्सी वेक्सलर यांची आई हंटिंग्टनच्या रोगाने १९७८ साली वारली. हाही प्रभावी जनुकाचा, सी-ए-जी लांबल्याचा रोग. वेक्सलर यांनी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठी वर्षानुवर्षे जाऊन एका विशाल कुळाचा नकाशा उभा केला. त्यात अठरा हजारांहून अधिक माणसे नोंदली गेली. त्याच्या मदतीने १९८३ मध्ये जनुकाचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि १९९३ मध्ये जनुक हाती आले. तपासणी शक्य झाली. आपल्यालाही हा रोग असल्याचे वेक्सलर यांनी जाहीर केले ते २०२० मध्ये. स्वतःविषयी कधी, काय आणि कोणाला सांगायचे हे त्यांनी स्वतः ठरवले.

तोच नियम सगळीकडे पाळला जातो. आधी रुग्णाची तपासणी करायची, म्हणजे दोष नक्की कुठल्या जनुकात आहे ते कळते. तोल जाण्याची इतरही कारणे असतात. ब-१२ किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार अशी काही कारणे बरी करता येतात, ती आधी तपासायला हवीत. निरोगी नातेवाइकाची तपासणी फक्त त्याला हवी असेल तरच, आणि तीही आनुवंशिकतेच्या समुपदेशकाशी बोलल्यानंतर. ज्या रोगावर लहानपणी करण्यासारखे काही नाही, त्यासाठी अजाण मुलाची तपासणी करत नाहीत. मोठे होऊन "मला जाणायचे नाही" म्हणण्याचा त्याचा हक्क आपण काढून घेऊ शकत नाही.

म्हणून शिक्षकांना मी सांगितले: भावाचे रक्त आधी तपासा. तुमचा निर्णय तुमचा. मुलगी बावीस वर्षांची आहे. स्थळाला काय सांगायचे याआधी तिला सांगा. हा कागद तिचाही आहे.

वर्गात

विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरचे आजार वर्गात मांडायला लावू नका. घराघरांत झाकलेल्या गोष्टी असतात. त्याऐवजी काल्पनिक कुटुंब घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याने एक रोगी पालक आणि चार मुले धरावीत. प्रत्येक मुलासाठी नाणे उडवावे. छाप पडली तर रोग, काटा पडला तर सुटका. ३२ विद्यार्थी असतील तर बरोबर दोन रोगी आणि दोन निरोगी अशी कुटुंबे साधारण १२ च निघतील. दोनेक कुटुंबांत चारही मुले सुटतील आणि दोनेक कुटुंबांत एकही सुटणार नाही. त्या शेवटच्या कुटुंबांना लोक काय म्हणतील, हे मुलांना विचारा. देवीचा कोप, करणी, सुनेचा पायगुण ही उत्तरे मुलेच देतील. मग त्यांच्या हातातले नाणे त्यांना दाखवा.

काही महिन्यांनी शिक्षकांचे पत्र आले. भावाच्या तपासणीत दोष सापडला होता. गावात आता त्याला कोणी दारुडा म्हणत नाही. तासगावच्या घराशी सुटलेले येणे-जाणे पुन्हा सुरू झाले आहे. मुलीला त्यांनी सगळे सांगितले. ती म्हणाली, विचार करून सांगते. स्वतःची तपासणी त्यांनी अजून केलेली नाही. पत्रासोबत घरच्या वंशावळीची नवी प्रत होती. तिच्यात सहा पिढ्यांतल्या जितक्या लेकींची नावे आजीला आठवली, तितकी सगळी लिहिली होती.